एक्केचाळीसचा खड्डा

सोमवार, ४ ऑगस्ट

आज आलं ते — धुण्याचा साबण, चार वड्या, बावीस रुपये. काड्यापेट्या, पाच. आलेखाचे कागद, टिटवीच्या शाळेसाठी, बारा. जुन्या बाजारातून सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ, चाळीस. पट्टा तुटका आहे, पण काटा पळतो. खोडरबर, दोन. हे कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, "ताई, एकाच्या भावात दोन घ्या." घेतली.

टिटवीने ती पाहिली आणि लगेच, "आई, या कामाला खोडरबर चालत नाही! बाईंनी बंदी केलीय." अभ्यासाला खोडरबर बंद. काय एकेक निघतं! लेक सहावीत गेली आणि तोंडाचा पट्टा दुप्पट झाला. टिटवी नाव ठेवलं ते उगाच नाही.

या सत्रात म्हणे सगळ्या विषयांचे शिक्षक मिळून मुलांना आकडे वाचायला शिकवणार. घरातल्या एका माणसाची नाडी रोज, ठरल्या वेळी, पूर्ण मिनिटभर मोजायची. खेळाचे सर मोजायला शिकवणार, गणिताच्या बाई आलेख काढून घेणार, विज्ञानाचे सर कारणं सांगणार. आणि भाषेच्या तासाला निबंध — 'आकडा काय सांगतो, काय सांगत नाही'. आमच्या वेळी आकडे बेरजेला यायचे, बोलायला नाही.

टिटवीने आजीला निवडलं. सासूबाईंनी हात पुढे केला, पण बोलल्याच, "माझी नाडी म्हणजे दुधाचा हिशेब आहे का, रोज टिपायला?"

बुधवार, ६ ऑगस्ट

बाहत्तर. मग चौऱ्याहत्तर. आलेख स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. सासूबाई म्हणतात, नात हात धरून बसते तेवढा वेळ बरं वाटतं. मला टोमणा होता की काय, कळलं नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

साखर काढायला कपाट उघडलं तर आलेखात खड्डा! सत्तर, त्र्याहत्तर, आणि एकदम एक्केचाळीस.

"हे काय गं?"

"मोजलं तेवढं आलं."

"एक्केचाळीस कुणाची येते? पुन्हा मोज."

पुन्हा मोजली. एकोणसत्तर. "बघ! मघाशी लक्ष नव्हतं तुझं."

"लक्ष होतं. बाई म्हणतात, विचित्र आकडा आला तर खोडायचा नाही. त्याच्यावर गोल करायचा आणि बाजूला लिहायचं काय झालं ते."

"काय झालं ते मीच सांगते. तू चुकलीस."

आणि मी खोडला. माझ्या हाताने. नवं खोडरबर, कागदावर डागही राहिला नाही. वर एकोणसत्तर लिहिलं. टिटवी काही बोलली नाही. तेव्हा मला वाटलं, पटलं तिला.

माझं हे असंच. महिनाअखेर जमाखर्च जुळला नाही की राहिलेली रक्कम 'किरकोळ'मध्ये टाकायची आणि रेघ ओढायची. हे नेहमी हसतात, "तुझं किरकोळ एक दिवस सगळं घर गिळेल." पण इतकी वर्षं पान कधी वेडंवाकडं दिसलं नाही, हेही खरं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

पुन्हा खड्डा. चव्वेचाळीस. या वेळी तिने बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं — 'आजी म्हणाली, डोळ्यांपुढे अंधार आला.'

सासूबाई सकाळी काही खात नाहीत. अंधारच येणार! टिटवी शाळेत गेल्यावर दोन्ही पुसलं. आकडाही आणि ते वाक्यही. बाईंना वाटायचं, सून सासूला उपाशी ठेवते.

देवासमोर बसले, पण जपात मन लागलं नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

टिटवी आता आलेखावर लिहिण्याआधी मला विचारते. "आई, त्र्याहत्तर चालेल?" मी भाजी चिरत होते. म्हटलं, चालेल.

रेघ आता सरळ आहे. बघून बरं वाटतं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

पालकसभा. प्रत्येक मुलाने घरून नेलेला आलेख भिंतीला. काय ते एकेक! कुणाचा काटेरी, कुणाचा डोंगर, एकाने तर तीन दिवस मोकळेच सोडून खाली लिहिलंय — 'बाबा गावाला गेले होते'. मनात म्हटलं, आपलाच नीटनेटका.

गणिताच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. म्हणाल्या, "वर्गातला सगळ्यात सुंदर आलेख तुमच्या मुलीचा आहे. म्हणूनच मला काळजी वाटते."

"काळजी कसली?"

"जिवंत माणसाची नाडी इतकी सरळ नसते हो. सुरुवातीचे दिवस खरे वाटतात. नंतरचे बसून लिहिल्यासारखे. मी तिला विचारलं, मनाने लिहिलंस का? ती काहीच बोलली नाही. टिटवी काही बोलत नाही म्हणजे—" आणि थांबल्या.

तेव्हा बोलायला हवं होतं. बाई, पहिलं खोडरबर मी फिरवलं. एवढंच वाक्य. त्याऐवजी मी म्हणाले, "घरी समज देते तिला."

मी समज देते! मी!

वाटेत टिटवी आलेखाची गुंडाळी घेऊन दोन पावलं पुढे चालत होती. मला माहीत होतं तिने माझं नाव का घेतलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. घरी येऊन तिच्या ताटात साय जास्त वाढली. तिने ती बाजूला काढून ठेवली.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

सासूबाई पडल्या. न्हाणीघराच्या दारात, उभ्याच्या उभ्या, हातात तांब्या घेऊन. आवाज ऐकून धावले तर तोंड पांढरंफटक. क्षणभराने डोळे उघडून मलाच विचारतात, "तांब्याला पोचा आला का गं?"

यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली. तोवर सगळं ठीक झालेलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता तर काही दिसत नाही. मध्येच नाडी मंद होऊन पुन्हा नीट होते, असं काहींना होतं. पण त्या नेमक्या वेळी पकडावं लागतं. आधी कधी मंद लागली होती का? कुणी मोजली होती?"

यांचा चेहरा खुलला. "मोजली होती म्हणजे! आमच्या मुलीने रोज मोजलीय, शाळेसाठी!" आणि घरी जाऊन आलेख घेऊन आले. गुंडाळी करून, वर रबर लावून, एखादं प्रमाणपत्र आणावं तसा.

डॉक्टरांनी टेबलावर पसरला. चष्मा वर करून पाहिला. म्हणाले, "वा! मुलीला शाबासकी द्या. इतकी स्थिर नाडी असेल तर हृदयाची भीती नको. अशक्तपणा आहे. घरी न्या, ताकदीचं औषध देतो."

मी बाकाच्या टोकाला बसले होते. माझ्यासमोर झालं सगळं. माझी रेघ बघून त्यांनी सासूबाईंना घरी पाठवलं, आणि मी पदराला गाठ मारत बसले. देवा, मी खोटं बोलले नाही, असं मनाला सांगत होते. गप्प बसले फक्त. देवालाही फसवायला निघाले!

सासूबाई झोपल्यात. श्वास मोजतेय. याचा आलेख कोण काढणार?

शनिवार, २३ ऑगस्ट

सकाळी टिटवीजवळ बसले. म्हटलं, "तू चुकली नव्हतीस."

तिने वर बघितलं नाही. बुटाची नाडी बांधत होती.

"मी खोडले ते दोन आकडे. तुला आठवतात का?"

"एक्केचाळीस आणि चव्वेचाळीस." मग दुसऱ्या बुटाची नाडी ओढून, "आणि अडतीस."

"अडतीस कधी?"

"चालेल का विचारलं ना तुला, त्याच्या आदल्या दिवशी. ती मी लिहिलीच नाही. तू खोडली असतीस. मग मोजणंच सोडून दिलं. नुसता हात धरून बसायचे. आजीला सांगितलं, मोजतेय."

पोरीने एवढं हलक्या आवाजात आयुष्यात काही सांगितलं नसेल. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

तिला शाळेत जाऊ दिलं नाही. यांना म्हटलं, आईंना घेऊन दवाखान्यात चला. "काल तर झालं!" म्हणाले. सगळं सांगितलं. यांनी चप्पल पायात घालायला फार वेळ लावला.

डॉक्टरांसमोर उभी राहून बोलले. बसा म्हणाले, बसले नाही. "तो आलेख खोटा आहे. मी खोडलाय. मुलीचे खरे आकडे तिच्या तोंडून ऐका." टिटवीने सांगितले. अंधार आल्याचंही. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, बसून की उभ्याने, मिनिटभर की अर्धं. ती एकेक उत्तर देत गेली. मला त्यांनी एकच विचारलं, "का खोडलंत?"

म्हटलं, "जुळत नव्हता."



सासूबाईंना ठेवून घेतलं. छातीला लहान यंत्र बांधलंय, रात्रंदिवस ठोके टिपणारं. त्याला खोडरबर नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट

यंत्रात सापडलं. झोपेत नाडी छत्तीसवर आली होती. मध्येच ठोका गाळते. छातीत ठोके सांभाळणारं बारीकसं यंत्र बसवावं लागेल. डॉक्टर म्हणाले, घरी तशाच राहिल्या असत्या तर— पुढचं माझं मला माहीत आहे.

शाळेत जाऊन बाईंना सांगितलं. वर्गाबाहेर, उभ्या उभ्या. त्यांनी रागवायला हवं होतं. म्हणाल्या, "तिचा खरा आलेख पुन्हा काढून लावू का भिंतीला? खड्ड्यांसकट?" मी मान डोलावली. मग म्हटलं, "आणि खाली लिहा — मधले आकडे आईने पुसले." बाई बघतच राहिल्या. "लिहिते," म्हणाल्या.

शनिवार, ३० ऑगस्ट

यंत्र बसलं. सासूबाई उशीला टेकून बसल्या. त्यांचे पाय धरले आणि सांगितलं. यांनी आधीच सांगितलं होतं, तरी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सुनेने माझं काळीजसुद्धा किरकोळमध्ये टाकलं!" आणि हसल्या. हसताना टाका दुखला तर, "हसवू नकोस गं मेले."

त्या हसल्या म्हणून मला रडू फुटलं. रागावल्या असत्या तर सोसलं असतं.

टिटवी अजून माझ्याशी मोजूनमापून बोलते. हक्क आहे तिचा.

बुधवार, ३ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले होते, हे घराण्यात असू शकतं, सासूबाईंच्या मुलांचीही नाडी बघा. आज टिटवीने यांची मोजली. सेहेचाळीस. हे म्हणाले, "चुकली असशील, पुन्हा मोज." मी म्हटलं, पुन्हा मोजू दे, पण पहिला आकडा राहील. पुन्हा मोजली. त्रेचाळीस. टिटवीने दोन्हींवर गोल केला आणि माझ्याकडे बघितलं. पेन्सिलीला टोक मीच करून दिलं. उद्या सकाळीच दवाखान्यात जायचं.

नणंदबाईंना कार्ड टाकलं, ते इथे उतरवून ठेवते — आईंची तब्येत सुधारते आहे. तुमचे दादा उद्या डॉक्टरांना दाखवतील. तुमची नाडी रोज सकाळी बसून, पूर्ण मिनिटभर मोजा. जो येईल तो आकडा लिहा. कितीही वेडावाकडा असो, नीट करू नका. चक्कर येत असेल तर तेही लिहा. आणि उलट टपाली कळवा.