पुलावरचा फोटो

हॅडली,

शाळेतून आलीस की आधी हे वाच, मग फ्रिज उघड. मॅकरोनी आहे, गरम करून खा.

आज चारला आपल्या तिघांचा पहिलाच फोटो, पण तो पुलावर नको. काल तुझ्या आजीच्या फ्रिजवर तुमच्या फोटोचं जुनं नाताळचं कार्ड दिसलं. तोच छपराचा लाकडी पूल, पुढचे दात पडलेली तू, आणि तुझ्या खांद्यांवर हात ठेवून उभी असलेली तुझी आई. ती गेली त्याच्या आदल्याच वर्षीचं. मी महिनाभर पूल, पूल करत नाचतेय आणि तुम्ही बापलेक मूग गिळून बसलात! तू ‘चालेल’ म्हणालीस, मला वाटलं खरंच चालेल.

फोटोवाली ल्यूसी फोन उचलत नाहीये, म्हणून तिच्या दुकानावर जातेय. बाबांना अजून सांगितलं नाहीये, तूही सांगू नकोस, मी बघते. जागा तू ठरव आणि मला फोन कर. सफरचंदांची बाग, वाचनालयाच्या पायऱ्या, अगदी पेट्रोल पंपामागची भिंतसुद्धा. मला खरंच चालेल.

निळ्या स्वेटरचं तुटलेलं बटण लावून ठेवलंय.

आणि तुला पूलच हवा असेल, तर तसं सांग. तू आणि बाबा दोघंच उभे राहा. एवढ्या थंडीत फोटोपुरते काढलेले कोट धरायला कुणीतरी लागतंच.

नडीन