यादीतल्या दोघी

४ मार्च, शुक्रवार

आधी दुरुस्ती. काल लिहिलं की घरात कप पाच आहेत. सहा आहेत, एक कपाटात मागे राहिला होता. चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची, ही आत्याची शिस्त. शाळेत जाण्याआधी आम्हा दोघी बहिणींना तिनंच घरी शिकवलं.

बाकी सगळं छान. परक्या देशात इतकं उजेडाचं घर मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन खोल्या, दोन खाटा, खिडकीखाली बेकरी. सोमवारपासून चष्म्याच्या दुकानात काम: काचांवरचे ओरखडे शोधायचे. आत्या फोनवर म्हणाली, जन्मापासून दुसरं काय करतेयस.

इमारतीचे रखवालदार घरातल्या सामानाची यादी घेऊन आले. शेवटची ओळ ‘राहणारी माणसं’. मी ‘दोन’ लिहिलं. माझी धाकटी बहीण, बारकी, अठरा तारखेला राहायला येणारच आहे. शिवाय जुनी सवय. आत्या हजेरी घ्यायची तेव्हा बारकी अंथरुणात लोळत असायची आणि मीच दोघींचं ‘हजर’ म्हणायचे. रखवालदार म्हणाले, यादीत आहे तेवढंच घरात हवं. कमी नाही, जास्त नाही. मी हसून सही केली. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.

७ मार्च, सोमवार

कामावरून आले तर ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातलेले. सकाळी मी एकच घेतला होता. बहुतेक एकच. लिहून ठेवायला हवं होतं.

बारकीच्या खाटेवरची चादर चुरगळली आहे. मीच बसले असेन.

९ मार्च, बुधवार

खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, तुम्ही कामाला गेलात की तुमची बहीण दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या घालते. बिचारीला जरा बाहेर न्या. मी सांगितलं, ती अजून आलेलीच नाही. त्या हसल्या, आणि माझ्या खांद्यावरून वर, आमच्या दाराकडे पाहून ओळखीची मान हलवली.

दार मी कुलूप लावून आले होते. दोनदा ओढून पाहिलं होतं.

१२ मार्च, शनिवार

रखवालदारांना म्हटलं, यादीत माणसं एक करून द्या. ते म्हणाले, माणूस म्हणजे काय कप आहे, फुटला म्हणून कमी करायला? बदल करायचा तर दोघींच्या सह्या लागतील. मग किल्ल्या पुसता पुसता सहज म्हणाले की अठराला आणखी एक आली तर तीन होतील, आणि एक कमी करावी लागेल.

घरी येऊन यादीत मीच लिहिलं: दुरुस्ती, एक.

दुपारी त्याखाली ओळ होती: दुरुस्ती, दोन. अक्षर माझं. आत्यानं गिरवून घेतलेला, पोटात गाठ असलेला ‘द’.

१४ मार्च, सोमवार

बारकीला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. ती चिडली. काल तूच फोन करून लवकर ये म्हणालीस, आता नको म्हणतेस, एकदा काय ते ठरव, म्हणाली.

काल मी फोन केला नव्हता. काल मी —

नाही. केला नव्हता.

१६ मार्च, बुधवार

पुन्हा फोन. बारकी म्हणते, तासाभरापूर्वी तू सांगितलंस ना, मधेच घाबरून नको म्हणेन, तिकडे लक्ष देऊ नकोस. वर म्हणाली, आधीच्या फोनवर किती शांत होतीस गं ताई, तशीच राहा.

मी घर सोडून गेले तरी उपयोग नाही. बारकीकडे पत्ता आहे. ती सरळ इथेच येईल. दार उघडायला कोणीतरी असेल —

१७ मार्च, गुरुवार

एकच उपाय. स्टेशनवर गाठायचं, हात धरायचा, तिथूनच परतीच्या गाडीत बसायचं. दोघी. ही वही सोडून काही घेणार नाही.

दाराशी माझ्या बुटांशेजारी तसेच बूट. नवे नाहीत. माझ्यासारखेच डाव्या टाचेला झिजलेले. तोंड दाराकडे —

बारकी कुणाला ओळखेल? लहानपणची खूण विचारली तर — त्या दुसरीलाही ठाऊक असेल. सगळं या वहीत —

वही उशाला ठेवली होती. ओट्यावर सापडली.

बारकीची गाडी नऊ दहाला. आठ वाजता फलाटावर. तिच्या आधी. कसंही करून त्या दुसरीच्या आधी. उद्या, शुक्रवार, अठरा —