काचेकडे पाठ

प्रिय दादा,

कधी एकदा तुझ्या कानावर घालते असं झालंय! मी पकडले गेले. पत्र्याचे डबे ठोकायच्या या कारखान्यात तूच मला चिकटवलंस आणि पहिल्याच दिवशी मंत्र दिलास, "कानाच्या तपासणीला घाबरायचं नाही. काचेपलीकडे आवाज सोडायला नर्सबाईचा हात हलला की बटण दाबायचं, आवाज येवो न येवो." तू बदली घेऊन दुसऱ्या कारखान्यात गेलास, मंत्र इथेच राहिला. सहा वर्षं माझे कान कागदावर ठणठणीत!

यंदा नर्सबाई नवी. पहिल्या दोघांनाच बघून तिला संशय आला असणार. तिने माझी खुर्चीच फिरवली, काचेकडे पाठ. हेडफोन लावून, बटणावर अंगठा ठेवून मी भिंतीकडे बघत बसले. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "यंत्र झकास आहे हो ताई. वीसदा वाजलं, तुम्ही सातदा ऐकलंत." आता घरी बसवणार, एवढंच डोक्यात.

कुणी घरी बसवलं नाही, दादा! दोन दिवस पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपासून लांब, पॅकिंगला बसवलं आणि पुन्हा तपासलं. सातचे चौदा झाले! गोंगाटाने कान नुसते दमले होते, तेवढे सावरले. उरलेले सहा परत येणार नाहीत, हे तिने तोंडावर सांगितलं. पण आहेत ते राखायला कानातले बोळे आतवर बसवायला शिकवलं. मी आपली इतकी वर्षं नुसते अडकवत होते, शोभेला. माझ्या प्रेसला जाड झाकण आलं, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. आमचा फोरमन, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, तोही काल आपणहून पाठ फिरवून बसला!

हे सगळं मी तुला फोनवर दोनदा सांगितलंय. दोन्ही वेळा "हो हो, बरं बरं" म्हणून तू फोन वहिनीच्या हातात दिलास. तिसऱ्यांदा मग लिहायलाच बसले. गुरुवारी तुझी तपासणी आहे म्हणे. खुर्ची कुणी फिरवली नाही, तर तू फिरव. नोकरी जात नाही रे. तुझी लेक हल्ली गुपितं फक्त आईलाच सांगते. बाबांना ओरडून सांगावी लागतात, मग ती गुपितं कसली?

तुझीच,
धाकटी