आमच्या घरची बातमी

गुरुवार, सभेहून आल्यावर

आज क्लबमध्ये मी बोललो. बोललो म्हणजे, उभा राहिलो आणि एक वाक्य सांगितलं.

दर गुरुवारी सभा संपताना प्रत्येक घराने आठवड्यातली एक आनंदाची बातमी सांगायची, असा आमच्या क्लबचा रिवाज आहे. आमच्या घरची बातमी सुमनच सांगायची. बहुतेक वेळा माझीच फजिती. "आमच्या ह्यायनं चहात मीठ टाकलं हो!" सगळे हसायचे, मी खाली बघायचो. ती गेल्यापासून अध्यक्ष गजाननभाऊ माझी खुर्ची आली की न थांबता पुढच्याला विचारतात. समजून घेतात बिचारे. पण आज तेच टोचलं. आमचं घर संपलं का?

म्हणून उठलो. म्हटलं, "आज मी पोळी केली."

मग धाड गावचे विठ्ठलराव म्हणाले, "गोल झाली का हो, भाऊ?"

"नाही. भावाभावांच्या वाटणीतल्या वावरासारखी झाली."

किती हसले सगळे! गजाननभाऊ डोळे पुसत म्हणाले, "वहिनी असत्या तर हे आमाले कवाचंच समजलं असतं."

खरं आहे. पोळी करपली होती, तेही तिने सांगितलं असतं. मी का नाही सांगितलं?

आता पुढच्या गुरुवारी काय सांगायचं, याची आत्ताच काळजी लागली आहे. दर आठवड्याला तिला सापडायचं तरी कसं? शेवटच्या दुखण्यातही तिचा एकही गुरुवार रिकामा गेला नव्हता.