रेषेबाहेरचा रंग

मुंबई,
४ जानेवारी १९७४

ती. सिंधूताईस,
लहानूचा सा. जयभीम, वि. वि.

सोबतच्या नळीत माझी नऊ चित्रं आहेत. हसू नकोस. साबणाची वडी, चहाचा पुडा, स्टोव्हची पिन, टॉर्चचे सेल, सगळं आपल्याच घरच्या फळीवरचं. पण एकेक हातभर मोठं, आणि बाबा लेबलं छापतात त्याच पद्धतीनं, ताणलेल्या जाळीतून रंग दाबून छापलेलं. पहिलं तर त्यांचं संत्र्याच्या पेटीवरचं लेबलच आहे. वर्षभराची मेहनत आहे ही.

वीस तारखेच्या आत सीताबर्डीला प्रदर्शनाच्या कचेरीत नेऊन दे. निवड झाली तर शिष्यवृत्तीवर इथं कलाशाळेत आणखी दोन वर्षं मिळतील. नाहीतर उन्हाळ्यात वळकटी बांधून घरी. आधी बाबांना दाखव. स्वतःचं लेबल एवढं मोठं पाहून काय म्हणतात ते कळव. तू मात्र फेस येतो का पाहायला साबण पाण्यात घालू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
लहानू

इंदोरा, नागपूर,
१९ जानेवारी १९७४

चि. लहानूस,
अ. आ. व जयभीम.

चित्रं काल पोचती झाली. मी नव्हे, बाबांनीच नेली; धुतलेला कोट घालून, रिक्षा करून. नळी उघडली त्या दिवशी चित्रं खिडकीशी धरून ते बराच वेळ बसले होते. एकेक अगदी डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. मग नळी घेऊन मागच्या छपाईच्या खोलीत गेले नि आतून कडी. दहा दिवस तेच. विचारलं तर म्हणायचे, पोराचं काम आहे, नीट बांधून राहिलो.

दवाखान्यात त्यांच्या काचबिंदूच्या ऑपरेशनची तारीख होती, तीही जाऊ दिली. मी चिडले तर म्हणाले, डोळा कुठं पळून जातो वं. पण आई गेल्यापासून इतके खुश मी त्यांना पाहिले नव्हते. तू जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
सिंधूताई

नागपूर,
२१ जानेवारी

चि. लहानूले जयभीम.

सिंधूले सांगू नको. तुझ्या नऊही चित्रात रंग रेषेच्या बाहेर गेला होता गा. साबणाचा लाल बोटभर सरकला, संत्र्याचा तर पानावर चढला. घाई केली असशील. होते असं. मी शिकत होतो तेव्हा मालकानं माहे पाचशे कागद फेकले होते. साहेबलोकायपुढं तुझी फजिती काहून होऊ देऊ? नऊच्या नऊ पुन्हा छापले. आता रंग रेषेत, केसाचाही फरक नाही. डोळा साथ देत नव्हता, तर बोटानं कड चाचपून कागद बसवला. तुझे खराब कागद जाळीची शाई पुसाले कामी आले. आता बिनघोर राय.

तुझा बाप,
देवाजी

मुंबई,
१६ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस,
जयभीम.

नापसंतीचं पत्र आलं. लिहिलंय की लेबलं सफाईदार आहेत, पण यात चित्रकार कुठं आहे?

बाबांचं कार्ड मागेच मिळालं होतं. चित्रं देऊन झाली होती, वाटलं निभावेल, म्हणून गप्प बसलो. आता बसवत नाही. ती चित्रं बाबांनी पुन्हा छापली, माझे कागद शाई पुसायला घेतले. रंग मी मुद्दाम रेषेबाहेर नेला होता, ताई. तेवढा बोटभर रंगच माझा होता. बाकी सगळं तर दुकानातल्या मालाचं. वैऱ्यानं केलं नसतं ते बापानं केलं. हे त्यांना वाचून दाखव. एक शब्द गाळू नकोस.

लहानू

इंदोरा, नागपूर,
२७ फेब्रुवारी १९७४

चि. लहानूस,
जयभीम.

वाचून दाखवलं. नेहमीसारखं पत्र आल्याबरोबर मोठ्यानं वाचायला घेतलं, पुढं काय आहे ते आधी न पाहता. मी मध्येच थांबले तर बाबा म्हणाले, वाच ना वं. मग शेवटपर्यंत वाचलं.

तुला कळवू नको अशी त्यांची ताकीद होती, पण आता लिहिते. ऑपरेशनची नवी तारीख दहा फेब्रुवारीची मिळाली होती. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, आता चिरून उपयोग नाही. बाबांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

चिंध्यांत तुझा एक कागद सापडला. संत्र्याचा, अर्धा शाईनं माखलेला. तो मांडीवर घेऊन बाबा दिवसभर अंगणात उन्हात बसतात. रंग रेषेबाहेर कुठं गेला ते बोटानं शोधतात. एवढी पातळ शाई बोटाला कुठली लागायची? येईल त्याला विचारतात, यात चांगलं काय आहे, सांगा ना. कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. काल म्हणाले, लहानूले लिहून विचार, माह्यासारख्या छापणाऱ्याले समजेल असं सांग म्हणावं.

माझा तुझ्यावर राग आहे. तोही लोभातच धर. या वेळी जे लिहिशील ते जपून लिही. मला ते त्यांना वाचून दाखवायचं आहे.

तुझी,
सिंधूताई