तेराव्या प्रकरणाचा वारस

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, वजनमापे खात्याचा निवृत्त निरीक्षक, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि चहा घेऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांना खात्री आहे. मला नाही. कारण कलम चारमध्ये येईल.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव आधीपासूनच पत्नीच्या नावावर आहे. या कागदाने तिला नवीन काहीच मिळत नाही, म्हणून दुसरी साक्षीदार म्हणून तिचीच सही घेणार आहे. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं वकिलांनी दोनदा बजावलं आहे. तिला फक्त शेवटचं पान दाखवायचं.

कलम २. एक कबुली. घड्याळजींच्या दुकानावरची खोली गेली सतरा वर्षं माझ्याकडे आहे. घरी सांगत आलो, बुद्धिबळाला जातो. घोडा कसा चालतो हेही मला धड ठाऊक नाही. त्या खोलीत बसून मी एका बाईच्या टोपणनावाने एकतीस कादंबऱ्या लिहिल्या: ओसाड गढ्या, बंद दालनं, कड्यावरून उड्या टाकणारे उमराव आणि दर वीस पानांनी बेशुद्ध पडणाऱ्या नायिका. पत्नी त्या वाचनालयातून आणते आणि मला वाचून दाखवते. "अहो, मेणबत्ती, पत्र आणि शाल धरून पळतेय ही. तिसरा हात कुठून आणला?" मी पेपरमागे तोंड लपवतो. पुढच्या आवृत्तीत शाल काढली.

कलम ३. हा एकतीस पुस्तकांचा संच धाकट्या मेहुण्याला द्यावा. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत तो चारचौघांत म्हणाला होता, "ताईला माणूस सरळ मिळाला, पण कल्पनाशक्तीच्या नावाने शून्य." मधली पानं गाळायची नाहीत.

कलम ४. आता मूळ घोळ. बत्तिसावी कादंबरी अकराव्या प्रकरणात अडकली. नायिकेला बुरुजात कोंडलं, पण बाहेर कसं काढावं ते सुचेना. दोन महिन्यांपूर्वी पाहतो तर टाइपराइटरशेजारी बारावं प्रकरण तयार! मी लिहिल्याचं आठवत नाही. त्यात नायिकेला दिसतं की कडी आतूनच आहे. ती कडी काढते, खाली येते आणि उमरावाला विचारते, "जेवलात का?" मग तेरावं आलं. त्यात ती नवऱ्याच्या गुप्त दालनाचं दार किलकिलं करते. आत ना पहिल्या बायकोचं प्रेत, ना साखळदंड. नवरा पाठमोरा बसून लिहितो आहे आणि समोरच्या आरशात त्याची बाहेर काढलेली जीभ दिसते आहे. ती दार हळूच लोटते आणि सतरा वर्षं चकार शब्द काढत नाही.

लिहिताना जीभ बाहेर काढायची खोड माझी आहे. घड्याळजींना विचारलं तर म्हणतात, "वर टकटक चालूच असते की साहेब. मंगळवारीसुद्धा." मंगळवारी मी गुडघ्याच्या व्यायामाला जातो आणि ही बहिणीकडे. मग टाइप कोण करतं? मीच येऊन जातो आणि विसरतो का? तसं असेल तर हा कागदच फुकट. खरं सांगतो, भीती वाटते. आज प्रकरण विसरलो, उद्या हिलाच ओळखलं नाही तर?

कलम ५. म्हणून टाइपराइटर, खोलीची किल्ली आणि अर्धी कादंबरी, ज्या कोणी बारावं आणि तेरावं प्रकरण लिहिलं असेल त्या व्यक्तीला द्यावी. ती व्यक्ती मीच निघालो तर सगळं जाळावं, आणि हिला कळू देऊ नये.

पुरवणी. शेवटचं पान घरी हिच्यासमोर ठेवलं. हिने चष्मा लावला, बाकीची पानं माझ्या हाताखालून ओढली आणि पहिल्यापासून वाचली. मेहुण्याच्या कलमाला हसली. कलम चार दोनदा वाचलं. मग पेनाला टोपण घातलं.

"अहो, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही ना?"

"नाही चालत."

"मग दुसरा माणूस बघा."

साक्षीदार:
१. घड्याळजी (सही)
२. पत्नी (खोडले आहे). तिच्याऐवजी समोरचा शिंपी (सही)

मृत्युपत्र करणार: (सही)

ठिकाण: घड्याळांच्या दुकानावरची खोली
दिनांक: सोळा, मंगळवार. टाइपराइटर मोकळा नसल्यामुळे पुरवणी हाताने लिहिली आहे.