किल्ल्यातला धूर

अल सद्द, दोहा
२ ऑगस्ट २०२४

ती. रीटाताईस,
सा. न. वि. वि. जय ख्रिस्त.

व्हॉट्सॲपवर मी भांडतो म्हणून कागदावरच लिही म्हणालीस, घे. इथं राहणारी आपल्या गावची सिमोना आंटी आठवडाभर सुट्टीवर तिकडे येतेय, तिच्या हाती पाठवतोय.

आमच्या फ्रेमच्या दुकानात एक जलरंगातलं चित्र आलंय, अठराव्या शतकातलं. टेकडीवर इंग्लंडच्या राजाचा किल्ला, खाली नदी, काठावर कपडे वाळत घालणारी बाई. आपल्या वसईच्या किल्ल्यासारखा ओसाड नाही हा, एका धुराड्यातून धूर निघतोय. म्हणजे आत कोणीतरी राहतंय, जेवण शिजतंय. जुनी काच काढलीय, नवी यायचीय. उस्ताद जहूरभाईंचा नियम असा की, एसीतलं चित्र बाहेरच्या दमट हवेत उघडायचं नाही. न्यायचंच तर पेटीतून, आणि तिथं पोचल्यावर पेटी एक दिवस बंदच ठेवायची, हवा मानवेपर्यंत. एक दिवस, ताई! मला चहा निवेपर्यंत धीर नसतो.

जॅनेटला हे दाखवणार. वसईच्या किल्ल्यात मी चित्रं काढायचो तेव्हा पाण्याची बाटली धरून तीच बसायची. ती नर्स होऊन इथं आली म्हणून मी आर्ट कॉलेज अर्धवट टाकून आलो, ते तिला अजून पटलेलं नाही. लग्नाचं उत्तर या महिन्यात देते म्हणालीय.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझा डेरिल

वसई
९ ऑगस्ट २०२४

चि. डेरिल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून पळतंच आहे. मम्मीचा गुडघा बरा आहे. आंटीबरोबर घरच्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पाठवलीत, एकट्याने फस्त करू नकोस.

जॅनेटचा फोन आला होता. तिच्या घरी दुसरं स्थळ आलंय, पण तुझ्यासाठी तिने त्यांना थोपवून धरलंय. तुझ्याबद्दल एवढंच विचारलं, तो आता तरी कोणाचं ऐकतो का? मी हो म्हणाले. मला खोटं पाडू नकोस. चित्र दुकानातच राहू दे, तू नुसता जा.

आमचा जीव तुझ्यापाशीच असतो, एवढं ध्यानात असू दे.
रीटा

दोहा
३० ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सा. न.

सुकेळी मिळाली. पुडा फोडला नाही अजून.

तुला खोटं पाडलं. दुकानात कामाच्या खोलीत बाहेरच्यांना सोडत नाहीत, आणि जॅनेटकडे ड्युटीआधी जेमतेम अर्धा तास. मी चित्र खाली तिच्या गाडीपाशी नेलं, तिथंच कापड काढलं. ती धुराकडे बघून हसली, चूल पेटलीय वाटतं म्हणाली. तेवढ्यात त्या गार कागदावर बाहेरची हवा घामासारखी बसली. हात लावू नकोस, आडवं धर, आपोआप सुकेल, असं ती दोनदा म्हणाली. तोवर मी रुमालाने पुसलं होतं.

किल्ला शाबूत आहे. धूर गेला.

जॅनेट गाडीत बसता बसता म्हणाली, "ऐकलं असतंस तर वाळलं असतं रे." बस्स. जहूरभाई ओरडलेसुद्धा नाहीत. चित्राच्या मालकाला स्वतः फोन केला आणि मला मागच्या खोलीत फ्रेमच्या पट्ट्या कापायला बसवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी उलट बोललो तरी असतो.

पूर्वीचा मी असतो तर हॉस्पिटलच्या दारात जाऊन तमाशा केला असता. या वेळी गेलो नाही, 'तो ऐकतो' हा तुझा शब्द एकदा तरी खरा करावा म्हणून घरी बसलो. काल सिमोना आंटीने सांगितलं, जॅनेटने घरी त्या स्थळाला होकार कळवलाय. आता वाटतं, नेमकं याच वेळी जायला हवं होतं की काय.

चित्र परत गेलं. नवी काच मीच पुसली होती. बाई अजून कपडे वाळत घालतेय, वर किल्ला आपल्या वसईच्यासारखाच दिसतो. आत कोणी राहत असेल असं वाटत नाही.

तुझ्याकडचा लोभ तेवढा राहू दे.
डेरिल